दोन कार्डांचा ताळेबंद

१९९९ सालच्या महाराष्ट्र दिनी परभणीतून फुटून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी, पावसाळा संपता संपता, अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीने 'जीफोर्स २५६' नावाचे एक कार्ड बाजारात आणले आणि त्यावरील चिपला 'जीपीयू' असे नाव दिले. संगणकाच्या पडद्यावरील चित्र रंगविण्याचे काम करणारा स्वतंत्र प्रोसेसर, एवढाच त्या नावाचा तेव्हा अर्थ होता. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्या वर्षी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. पाव शतकानंतर मात्र तो संबंध जुळला आहे. एकीकडे औंढा नागनाथजवळच्या दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेची जागा ठरली आहे. अशा वेधशाळांतून येणारी आकडेवारी चाळण्यासाठी आता जीपीयूही राबतात. दुसरीकडे हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या घरांतून बारावी झालेली मुले-मुली 'संगणक घ्यायचा तर ग्राफिक्स कार्डासकट' असा आग्रह धरू लागली आहेत.

हा आग्रह स्वस्त नाही. हळदीला भाव बरा असेल त्या साली दोन-अडीच क्विंटलचे पैसे एका मध्यम प्रतीच्या कार्डात जातात. त्यामुळे 'कोणते घ्यावे?' हा प्रश्न हौसेचा राहत नाही, तो घरखर्चाचा होतो. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे सांगतात, खोक्यावरचे आकडे तिसरेच काही सांगतात. म्हणून एका ठरावीक जोडीचा हिशेब येथे मांडून पाहू. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड २५ फेब्रुवारी २०२१ रोजी ३२९ डॉलरला आले, तर आरटीएक्स ४०६० हे २९ जून २०२३ रोजी २९९ डॉलरला. नाव पाहता दुसरे हे पहिल्याचे धाकटे भावंड. नवे, स्वस्त आणि म्हणून उघडच चांगले. हिशेब इतका सरळ असता तर या लेखाची गरज नव्हती.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा आडत दुकानातील जुन्या मुनिमासारखा असतो. हिशेब कितीही गुंतागुंतीचा असो, तो एकामागून एक बिनचूक करील. पण मोंढ्यात हळदीच्या दहा हजार पोत्यांची थप्पी उतरवायची तर मुनीम कामाचा नाही, तेथे हमालांची फौज लागते. पडद्यावरील वीस लाख ठिपक्यांना सेकंदाला साठ वेळा रंग देणे हे असेच हमाली काम आहे. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब साधा, पण संख्या अफाट. ग्राफिक्स कार्डावर असे हजारो 'हमाल' एकाच वेळी राबतात. तांत्रिक भाषेत त्यांना कोअर म्हणतात.

आता दोन्ही कार्डांची माणसे मोजू. ३०६० वर ३५८४ कोअर आहेत, ४०६० वर ३०७२. म्हणजे नव्या कार्डावर पाचशेहून अधिक हमाल कमीच! पण त्यांची चाल पाहा. जुन्याचा कमाल वेग १७७७ मेगाहर्ट्झ, नव्याचा २४६०. प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन गणिते करतो. त्यामुळे कोअरची संख्या, दोन आणि वेग यांचा गुणाकार केला की कागदावरची ताकद निघते. ३०६० ची येते सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी गणिते, आणि ४०६० ची १५.१ लाख कोटी. म्हणजे माणसे कमी असून काम जास्त. हे साधले ते चिप बनविण्याच्या पद्धतीमुळे. जुनी चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीने बनली आणि तिचे क्षेत्रफळ २७६ चौरस मिलिमीटर आहे. नवी तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या अधिक सूक्ष्म पद्धतीने बनली आणि ती अवघी १५९ चौरस मिलिमीटरची आहे. एकच काम कमी जागेत आणि कमी विजेत होऊ लागले.

येथपर्यंत नव्या कार्डाचे पारडे जड. पण मोंढ्यात ज्याने एक दिवस काढला आहे त्याला ठाऊक असते की, हमाल कितीही चपळ असले तरी गाड्या आत येण्याचा रस्ता अरुंद असेल तर ते बिड्या ओढीत बसतात. कार्डावर हा रस्ता म्हणजे चिप आणि तिची स्मृती यांना जोडणारी वाट. ३०६० वर ती १९२ बिट रुंद आहे आणि प्रत्येक बिटावरून सेकंदाला १५ अब्ज खुणा जातात. गुणून आठाने भागले की सेकंदाला ३६० गिगाबाइट येतात. ४०६० वर वाट १२८ बिटांची आणि गती १७ अब्ज, म्हणजे २७२ गिगाबाइट. नव्या कार्डाचा रस्ता जुन्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने अरुंद झाला आहे. गोदामाचेही तेच. जुन्यावर १२ गिगाबाइट स्मृती, नव्यावर ८.

ही काटछाट कंपनीने कशाच्या भरवशावर केली? तर ओट्याच्या. मोंढ्यात दुकानासमोर ओटा मोठा असेल तर वारंवार लागणारा माल तेथेच ठेवता येतो, दर खेपेला गोदामापर्यंत जावे लागत नाही. चिपच्या पोटातील अशा तात्पुरत्या स्मृतीला कॅश म्हणतात. ३०६० मध्ये ती ३ मेगाबाइट होती, ४०६० मध्ये २४ मेगाबाइट केली. खेळांमध्ये तोच तोच माल पुन्हा पुन्हा लागतो, त्यामुळे ही युक्ती तेथे छान लागू पडते. तपासणाऱ्यांच्या चाचण्यांत साध्या १०८० रेषांच्या पडद्यावर ४०६० हे ३०६० पेक्षा सरासरीने १५ ते २० टक्के वेगवान ठरले आहे. ज्याला केवळ खेळायचे आहे, त्याचा निकाल येथेच लागतो.

मात्र जाहिरातीतील तक्ते पाहताना एक सावधगिरी बाळगावी. त्यांतील काही तक्त्यांत नवे कार्ड कितीतरी पुढे दिसते. त्यामागे 'फ्रेम जनरेशन' नावाची सोय असते. कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक अंदाजाने बनविलेले चित्र घालते. पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसते हे खरे, पण बटण दाबल्यावर खेळातील माणूस वळण्यास लागणारा वेळ त्याने कमी होत नाही. पोती मोजताना दोन खऱ्या पोत्यांमध्ये एक चित्रातले पोते धरावे, तसा हा प्रकार आहे. डोळ्यांना भरगच्च दिसते, काट्यावर मात्र वजन तेवढेच भरते.

आता आपल्या भागातील एक खास प्रश्न, विजेचा. पूर्ण ताकदीने चालताना ३०६० ला १७० वॅट लागतात, ४०६० ला ११५. फरक ५५ वॅटचा. दिवसाला सहा तास काम धरले तर वर्षाला सुमारे १२० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर १२०० रुपये. ही रक्कम फार मोठी नाही, पण पाच वर्षांत सहा हजार होतात. त्याहून महत्त्वाचा मुद्दा यूपीएसचा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॅटच सोसतो. १७० वॅटचे कार्ड, मुख्य प्रोसेसर, पडदा आणि बाकीचा संच मिळून भार त्या मर्यादेच्या अगदी जवळ जातो. मग दिवे गेले की यूपीएस संगणकाला सावरण्याऐवजी स्वतःच मान टाकतो. शिवाय वापरलेला प्रत्येक वॅट अखेर खोलीत उष्णता म्हणूनच उतरतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून काम करणाऱ्याला ५५ वॅट कमी म्हणजे काय, ते निराळे सांगायला नको.

जुन्या संगणकात नवे कार्ड बसविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मदरबोर्डाशी बोलण्यासाठी ३०६० सोळा मार्गिका वापरते, ४०६० आठच. मदरबोर्ड नवा असेल तर याने फारसे बिघडत नाही. परंतु सात-आठ वर्षांपूर्वीचा जुन्या पिढीचा मदरबोर्ड असेल तर प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा होतो. आणि कार्डावरील ८ गिगाबाइटचे गोदाम भरून माल बाहेर ठेवण्याची वेळ आली की हा अरुंद दरवाजा जाणवू लागतो.

खेळ बाजूला ठेवून शिक्षणाकडे आणि धंद्याकडे वळलो की ताळेबंद पालटू लागतो. तालुक्याच्या गावी लग्नाचे चित्रीकरण करणारा स्टुडिओवाला घ्या. ४०६० वर एव्ही१ या नव्या पद्धतीने चित्रफीत आवळण्याची सोय आहे, ३०६० वर ती नाही. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय चित्रे घडविण्यातही ४०६० पुढे आहे. फक्त देखावा इतका अवजड नको की तो ८ गिगाबाइटमध्ये मावणार नाही. मावला नाही तर काम कूर्मगतीने चालते किंवा थांबते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट. सात अब्ज आकड्यांचे एक भाषिक प्रारूप घेतले आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट दिला, तर ७ गिगाबाइट जागा लागते. १२ गिगाबाइटच्या कार्डात ते आरामात बसते आणि कामालाही जागा उरते. ८ च्या कार्डात ते कसेबसे कोंबावे लागते. आणि असे प्रारूप प्रत्येक शब्दखंड लिहिताना सगळेच्या सगळे ७ गिगाबाइट एकदा वाचून काढते. येथे ओटा कामाचा नाही, कारण २४ मेगाबाइटच्या ओट्यावर ७ गिगाबाइटचा माल कसा राहणार? रस्ता जेवढा रुंद तेवढाच वेग. ३६० ला ७ ने भागा, सेकंदाला जास्तीत जास्त ५१ शब्दखंड; २७२ ला भागा, ३९. दोन वर्षे जुने कार्ड नव्याला मागे टाकते! खोक्यावरची १२.७ आणि १५.१ ची तुलना येथे काहीच सांगत नाही. ती हमालांची ताकद मोजते आणि काम तर रस्त्यावर अडलेले असते.

नेमका हाच धडा औंढ्याच्या वेधशाळेच्या कामातही आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एकमेकांत मिसळली होती आणि त्या लहरीने ४ किलोमीटरच्या बाहूची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढी. इतकी क्षीण खूण यंत्राच्या आणि पृथ्वीच्या गोंगाटातून वेगळी काढायची कशी? त्यासाठी कोणत्या वस्तुमानाच्या जोडीची लहर कशी दिसेल, याचे नमुने आधी गणिताने काढून ठेवायचे आणि प्रत्येक नमुना आलेल्या आकडेवारीवर ठेवून जुळतो का ते पाहायचे. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'तील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश हे अग्रणी होते. नमुने कसे निवडावेत याविषयीचा त्यांचा निबंध १९९१ सालचा आहे. पहिल्या लहरीच्या पक्क्या तपासणीत असे सुमारे अडीच लाख नमुने लावले गेले.

अडीच लाख नमुने, प्रत्येकाचे गणित तेच आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले. हे तर हमालीचेच काम! म्हणूनच लायगोच्या काही शोधप्रणाली जीपीयूवर चालतात. नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय दुर्बिणीतही, तीस तबकड्यांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी जीपीयूच जुंपले आहेत. मग घरचे ३०६० किंवा ४०६० या कामाला चालेल का? येथे खोक्यावर ठळक न छापलेला एक आकडा पुढे येतो. विज्ञानातील काही गणितांना दुप्पट अचूकतेची, म्हणजे ६४ बिटांची आकडेमोड लागते. घरगुती कार्डांवर तिचा वेग साध्या गणिताच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढाच ठेवलेला असतो. म्हणजे ३०६० चे १२.७ घसरून ०.२ होतात आणि ४०६० चे ०.२४. याउलट पुण्याच्या सी-डॅकमधील 'परम सिद्धी-एआय' महासंगणकात वापरलेले ए१०० हे कार्ड तेच काम ९.७ च्या वेगाने करते आणि त्याच्या ४० गिगाबाइटच्या प्रतीचा स्मृतीचा रस्ता सेकंदाला १५५५ गिगाबाइट वाहतो. हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या यादीत ६३ वा होता. ज्या पुण्यात १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला, तेथे तीस वर्षांनी हा पल्ला गाठला गेला. घरची दोन्ही कार्डे या कामात सारखीच तोकडी. त्यांच्यातील ०.०४ च्या फरकावरून वाद घालणे हे बैलगाड्यांची शर्यत पाहून मालगाडीचे वेळापत्रक ठरविण्यासारखे आहे.

पण म्हणून घरचे कार्ड विज्ञानाला निरुपयोगी ठरते असे नाही. २००५ सालापासून 'आइनस्टाइन अॅट होम' नावाचा उपक्रम चालू आहे. जगभरातील सामान्य माणसे आपल्या रिकाम्या संगणकाचा आणि ग्राफिक्स कार्डाचा वेळ त्याला देतात, आणि ती कार्डे लायगोच्या आकडेवारीत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा माग काढतात. सेनगावच्या एखाद्या खोलीतील कार्डही यात सामील होऊ शकते. वीजबिल तेवढे आपले.

आता खरेदीतील दोन सापळे. पहिला नावाचा. २०२२ च्या अखेरीस ३०६० याच नावाने ८ गिगाबाइटचे एक कार्ड निघाले. त्याचा रस्ता १२८ बिटांचा, सेकंदाला २४० गिगाबाइट वाहणारा. वर सांगितलेला ३०६० चा सगळा फायदा त्यात नाहीसा होतो. म्हणून '३०६० द्या' एवढे न म्हणता '१२ गिगाबाइटचे ३०६०' असे म्हणावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. दुसरा सापळा जुन्या मालाचा. ३०६० आता बहुधा वापरलेलेच हाती येते. २०२१ मध्ये ते आले तेव्हा इथिरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामा'ला जोर होता. खाणवाल्यांनी कार्डे पळवू नयेत म्हणून कंपनीने त्याला लगाम घातला होता. पण पुढच्याच महिन्यात कंपनीच्या हातून चुकून बाहेर पडलेल्या एका ड्रायव्हरने तो सुटला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथिरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली आणि रात्रंदिवस तापलेली कार्डे जुन्या बाजारात आली. तेव्हा जुने कार्ड घेताना ते समोर अर्धा तास पूर्ण भाराने चालवून पाहावे, पंख्यांचा आवाज ऐकावा, मूळ बिल मागावे. मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० ने रस्ता ४४८ गिगाबाइटपर्यंत रुंद केला, कोअर ३८४० केले. पण गोदाम पुन्हा ८ चेच ठेवले. म्हणजे आपला वाद नव्या नावाने पुढे चालूच आहे.

निकाल काय? खेळणारा, चित्रफिती जोडणारा, विजेच्या लहरीपणाने त्रासलेला असेल त्याने ४०६० घ्यावे. ५५ वॅटची बचत आणि नव्या मालाची हमी या दोन गोष्टी खेड्यापाड्यांत मोठ्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता, मोठी आकडेवारी, अवजड त्रिमितीय देखावे यांत ज्याला हात घालायचा आहे, त्याने नीट तपासलेले १२ गिगाबाइटचे ३०६० घ्यावे आणि यूपीएस मोठा लावावा. आणि ज्याला केवळ लिहिणे, हिशेब, प्रोग्रामिंगचे पहिले धडे एवढेच करायचे आहे, त्याने दोन्ही घेऊ नयेत. त्या पैशांत स्मृती वाढवावी, चांगला पडदा घ्यावा.

तिसऱ्या सल्ल्याला एक भक्कम आधार आहे. २०१५ ची ती पहिली लहर ज्या आकडेवारीत सापडली, ती सर्वांसाठी खुली आहे. एका वेधशाळेची ३२ सेकंदांची नोंद, सेकंदाला ४०९६ आकडे, प्रत्येकी ८ बाइट. सगळे मिळून १ मेगाबाइटच्या आसपास. मोबाइलवरच्या एका छायाचित्राहूनही लहान! तीवर नमुना ठेवून लहर शोधण्याचा पहिला पाठ साध्या लॅपटॉपवर, एक रुपयाचेही कार्ड न घेता करता येतो. तेथे अडते ते थोडे गणित, थोडे प्रोग्रामिंग आणि ते शिकविणारा माणूस यांच्यापाशी.

म्हणून हा ताळेबंद एका घरापुरता मांडून थांबता येत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये लायगो-इंडियाला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. उभारणीसाठी २०३० ही मुदत धरली आहे. तोवर आज आठवी-नववीत असलेली औंढा तालुक्यातील मुले पदवीला पोचलेली असतील. वेधशाळेच्या फाटकावर पहारा करणे आणि पाहुण्यांच्या गाड्या हाकणे एवढेच त्यांच्या वाट्याला यायचे की आत बसून आकडेवारी चाळणेही, हे आताच ठरणार आहे. वीस घरांत वीस कार्डे संध्याकाळी खेळापुरती तापतात. त्याऐवजी तालुक्याच्या एका महाविद्यालयात मोठ्या स्मृतीचे एकच कार्ड, भक्कम यूपीएस आणि ते आळीपाळीने वापरू देणारी प्रयोगशाळा असेल, तर तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक शिक्षण होईल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, जिल्ह्यातील महाविद्यालये आणि जिल्हा परिषद यांनी मनात आणले तर हे अवघड नाही. कार्ड कोणते घ्यावे याचे उत्तर वरच्या आकड्यांत आहे. ते कोणाच्या हाती द्यावे याचे उत्तर मात्र कोणत्याही खोक्यावर छापलेले नसते; ते जिल्ह्यानेच द्यायचे आहे.